लोभाच्या लेकी आणि सुरतेची वखार

सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला. त्याच्या ताफ्यात एक आचारी होता. शहरात पोचताच या गड्याने एका आर्मेनियन ख्रिस्ती माणसाचे घर शोधून काढले, कारण तिथे दारू मिळत होती. मनसोक्त ढोसून झोकांड्या खात तो मुक्कामाकडे निघाला. वाटेत सुरतेच्या हाकिमाचा भाऊ घोड्यावरून येताना दिसला, तसा आचारी रस्त्यात आडवा उभा राहिला आणि त्याने त्याला शिवी हासडली. त्या सरदाराला भाषा कळली नाही. काय म्हणतोस, असे त्याने शांतपणे विचारले. उत्तरादाखल आचाऱ्याने तलवारच उपसली. नोकरांनी त्याला धरून कोठडीत टाकले. रोने निरोप पाठवला की असल्या बेताल माणसाची पाठराखण आपण करणार नाही, हवी ती शिक्षा द्या. सरदाराने त्याला केसालाही धक्का न लावता सोडून दिले.

ही हकिगत लिहून ठेवली एडवर्ड टेरी या पाद्र्याने. १६१६ मध्ये सुरतेला आलेला टेरी पुढे रोच्या दिमतीला राहिला, आणि त्याचे प्रवासवर्णन १६५५ मध्ये लंडनला छापले गेले. त्यातली आणखी एक नोंद त्याच्या धर्मबांधवांना जास्त झोंबणारी आहे. बंदरावरचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत ख्रिस्ती धर्माला सैतानाचा धर्म म्हणत. हे लोक फार पितात, फार मारतात, वाटेल तसे बोलतात, एवढाच त्यांचा पुरावा होता. त्यांनी बायबल वाचले नव्हते, माणसे पाहिली होती. टेरीने हा शेरा लपवला नाही. उलट इथल्या लोकांचे साधे, बेताचे खाणेपिणे पाहून आपल्या माणसांची त्याला लाज वाटली.

ज्या धर्माची ही कीर्ती सुवाळीच्या वाळूत पसरली होती, त्याने हावेवर जेवढा खोल विचार केला आहे तेवढा फार थोड्या विषयांवर केला असेल. त्याची सुरुवात इजिप्तच्या वाळवंटातली. चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा साधू तिथे राहत होता. एकांतात बसलेल्या माणसाला कोणते विचार छळतात, याचे त्याने निरीक्षण केले आणि आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. त्याचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. जवळ दमडी नसलेल्या साधूलाही लोभ होतो. म्हातारपणी हातपाय चालणार नाहीत, दुष्काळ पडेल, आजारपण येईल, दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागेल, असे भय त्याला दाखवूनच लोभ आत शिरतो. म्हणजे लोभ ओळखायचा तो माणसाच्या तिजोरीवरून नव्हे.

कॅसियन या साधूने ही यादी युरोपात नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली आणि गर्वाला सगळ्यांचे मूळ मानून त्याखाली सात प्रमुख पापे ठेवली. आपल्याकडचे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू माणसावर चालून येणारे शत्रू आहेत. ग्रेगरींच्या मांडणीत पापांना संतती आहे. प्रत्येक मोठे पाप आणखी पापे जन्माला घालते. लोभाची अपत्ये त्यांनी सात मोजली आणि तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने त्यांना लोभाच्या लेकी म्हणून एकेक तपासले: विश्वासघात, लबाडी, खोटे बोलणे, खोटी शपथ, जिवाची तळमळ, बळजबरी, आणि दयेला दाद न देणारे कठोर काळीज.

अक्वायनसचे आणखी एक म्हणणे व्यापारी शहराबद्दल बोलताना विसरून चालणार नाही. भाकरी, कपडा, निवारा यांची इच्छा शरीराच्या गरजेएवढी असते, म्हणून ती भागते. पैसा ही माणसाने सोयीसाठी बनवलेली वस्तू. त्याच्या इच्छेला शरीर काठ घालून देत नाही, म्हणून ती भागत नाही. त्याच्या कितीतरी आधी संत ऑगस्टीनने बजावले होते की दोष सोन्यात नाही. सोन्यापायी न्याय सोडून देणाऱ्या माणसाच्या प्रेमात आहे. जग वाईट नाही, प्रेमाचा क्रम चुकतो. आणि क्रम चुकलेले मन हीच त्या मनाची शिक्षा. तिच्यासाठी नरकापर्यंत थांबावे लागत नाही.

आता वखारीत येऊ.

इंग्रजांची भारतातली पहिली पक्की वखार सुरतेची. सतराव्या शतकात तिच्या अध्यक्षाचा हुकूम पश्चिम किनाऱ्यावर आणि पलीकडे इराणपर्यंत चाले. १६७४ मध्ये इथे आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने पगारांची नोंद केली आहे. अध्यक्षाला वर्षाला ५०० पौंड. त्यातले निम्मे सुरतेत मिळत, निम्मे लंडनला अडकवून ठेवलेले. गैरव्यवहार निघाला तर त्यातून भरपाई. शिवाय ५,००० पौंडांचा जामीन. तळाशी कारकून, ज्याच्या हातावर सुरुवातीला वर्षाचे जेमतेम १० पौंड पडत. एवढ्या पगारावर कोणी सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून, तापाने मरायची तयारी ठेवून येत नाही. माणसे येत होती ती खाजगी व्यापारासाठी. कंपनीच्या जहाजात आपली गाठोडी, कंपनीच्या दलालामार्फत आपले सौदे, कंपनीच्या पतीवर आपले कर्ज. संचालकांनी आधी सक्त मनाई केली, मग हळूहळू सवलती दिल्या. पाद्री लोभाविरुद्ध प्रवचन देत होते आणि पगारपत्रक माणसाला लोभाकडे ढकलत होते. या नोकरांना दोष देताना लंडनच्या मालकांचा हिशेब नजरेआड करणे अन्यायाचे होईल. स्वस्तात राबवून घ्यायचे आणि वर प्रामाणिकपणाचा जामीन मागायचा, ही हाव मालकांची.

वखारीत प्रार्थना मात्र नेमाने चाले. १६८९ ते १६९२ या काळात इथे असलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन लिहितो की रोज सकाळी सहाला आणि रात्री आठला, आणि रविवारी तीनदा. त्याच पुस्तकात जेवणाच्या टेबलाचे वर्णन आहे. ताटे-पेले भरीव चांदीचे. प्रत्येकाच्या जिभेला रुचावे म्हणून इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन प्रकारचे आचारी. प्यायला शिराझची वाइन आणि आरक. रविवारी आणि सणाच्या दिवशी थाट आणखी वाढे: काळवीट, मोर, ससे, तितर, आणि इराणी पिस्ते, जर्दाळू, चेरी. रविवारच्या त्या तीन प्रार्थना आणि हे जेवण एकाच छपराखाली, एकाच दिवशी व्हायचे. ओव्हिंग्टनला त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही.

मुंबईबद्दल मात्र त्याची लेखणी कडक होते. मुंबईत इंग्रज माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, ही त्या काळची म्हण त्याने नोंदवली आणि मृत्यूंचे खापर तिथल्या चैनीवर, स्वैराचारावर फोडले. दारूने माणसे खंगत होती हे खरे. पण दलदलीतला हिवताप सज्जन आणि दुर्जन असा भेद करत नाही, आणि नेमस्त राहणारी माणसेही पटापट मरत होती. इथे पाद्रीबुवा आपल्याच धर्मग्रंथाला सोडून बोलले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती, असे येशूने शुभवर्तमानात स्वतःच विचारले आहे आणि उत्तर 'नाही' असे दिले आहे. ख्रिस्ती विचारात हावेचे परिणाम आहेत, पण ते साथीच्या रोगासारखे आभाळातून पडत नाहीत. एका कृत्यातून दुसरे कृत्य निघते, एक खोटे सांभाळायला दुसरे खोटे लागते, तसे ते येतात.

सुरतेत हे सगळ्यात उघड दिसले ते जानेवारी १६६४ मध्ये. शिवाजी महाराज येत असल्याची बातमी आली तेव्हा बादशहाच्या या सर्वात श्रीमंत बंदराचे रक्षण करायला पुरेशी फौजच नव्हती. हाकिम इनायतखान शहराच्या बंदोबस्ताचा पैसा स्वतःच गिळत होता. तो किल्ल्यात जाऊन बसला. काही धनिकांनी किल्लेदाराचे हात ओले करून आत जागा मिळवली, आणि बाकीचे शहर उघडे पडले. इनायतखान ख्रिस्ती नव्हता. पण ग्रेगरी आणि अक्वायनस यांचे म्हणणे मनुष्यस्वभावाबद्दल आहे, एका धर्माच्या लोकांबद्दल नाही. आधी लबाडी, तिच्या पाठोपाठ विश्वासघात, आणि शेवटी आपल्या माणसांवर दरवाजा बंद करणारे काळीज. लोभाच्या तीन लेकी एका आठवड्यात सुरतेच्या किल्ल्यावर हजर होत्या. महाराजांनी वाटाघाटीसाठी बोलावले होते ते हाजी जाहिद बेग, हाजी कासिम आणि वीरजी व्होरा या बड्या व्यापाऱ्यांना. ते आले नाहीत. वीरजी व्होराची मालमत्ता ८० लाख रुपयांची असल्याचा बोलबाला होता. त्याचा वाडा खणून काढला गेला.

त्या काळात भारतात असलेल्या फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्नियेने या स्वारीबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. सुरतेत कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोज यांचा मठ होता. फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नका, अशी महाराजांनी ताकीद दिली आणि मठ सुरक्षित राहिला. कापुचिन हे संत फ्रान्सिसच्या परंपरेतले, गरिबीचे व्रत घेतलेले. त्यांच्याकडे लुटण्यासारखे फारसे नव्हते हे खरे, पण महाराजांनी कारण दिले ते त्यांच्या भलेपणाचे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डचांचा एक हिंदू दलाल आधीच वारला होता. तो हयातीत मोठा दानशूर होता असे महाराजांना सांगण्यात आले, म्हणून त्याचे घरही सोडले गेले. तोच धंदा, तेच शहर, बहुधा तसाच पैसा. फरक एवढाच की तो पैसा हातातून सुटत होता आणि गावाला ते माहीत होते. लोभावर औषध म्हणून ख्रिस्ती आचार्यांनी सांगितला तो उदारपणाच, आणि त्याची सुरतेतली उत्तम साक्ष एका हिंदू दलालाच्या घराची आहे.

इंग्रजांच्या वखारीने त्या वेळी बंदुका रोखून स्वतःचा बचाव केला. अध्यक्ष होता सर जॉर्ज ऑक्सेंडन. १६६२ मध्ये त्याला पाठवले होते तेच खाजगी व्यापार मोडून काढायच्या हुकमासह. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज कबरस्तानात त्याची आणि त्याच्या आधी, १६५९ मध्ये गेलेल्या धाकट्या भावाची, ख्रिस्तोफरची कबर एकाच घुमटाखाली आहे. सुमारे ४० फूट उंचीची ही इमारत लांबून एखाद्या मोगल अमिराचा मकबरा वाटावी अशी. ख्रिस्तोफरच्या कबरीवरचा लॅटिन मजकूर जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या खात्यात वर्षे मांडायची वेळच आली नाही, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मालकांनी एक नोकर गमावला, मित्रांनी सोबती, त्याने स्वतः जीव. तरी जमेच्या बाजूला त्याला एक रक्कम लिहिता येते, ती म्हणजे मरण. ही शेवटची कल्पना संत पौलाची. व्यापाऱ्याच्या कबरीवर यापेक्षा प्रामाणिक लेख क्वचितच असेल. फक्त तो ज्या घुमटाखाली आहे, तो घुमट त्याच्याशी सहमत दिसत नाही.

शेजारच्या डच कबरस्तानात याहून मोठी इमारत आहे. इंग्रजांच्या घुमटावर मात करायची म्हणून डचांनी ती उभारली, असे सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दुमजली, खांबांच्या सज्जाची, वर दुहेरी घुमट. आत हेंड्रिक व्हान रेडे आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध केला. त्या कामात वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी ब्राह्मणही होते. पण सुरतेच्या वाटेवर तो निघाला होता तो झाडपाल्यासाठी नव्हे. डच कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार हाताबाहेर गेल्यावर संचालकांनी १६८४ मध्ये त्याला सर्वाधिकार देऊन पूर्वेकडे पाठवले. केप, सिलोन, बंगाल, कोरोमंडल, मलबार असे एकेक ठाणे तपासत, चोर पकडत, दुश्मन करत तो सुरतेला येत होता. १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ जहाजावरच तो वारला आणि जानेवारी १६९२ मध्ये सुरतेत पुरला गेला. हाव शोधून काढायला नेमलेल्या माणसाच्या वाट्याला शहरातले सगळ्यात डौलदार थडगे यावे! इव्हाग्रियसच्या यादीत धनलोभानंतर काही पायऱ्यांवर लौकिकाची हाव आहे. ती मेल्यानंतरही सुटत नाही, आणि बहुतेक वेळा मागे राहिलेल्यांचीच असते. व्हान रेडेच्या तपासणीने कंपनी सुधारली नाही. १७९९ च्या शेवटी ती कर्जाच्या ओझ्याखाली बुडाली तेव्हाही तिच्या नोकरांचे खिसे हा बोलण्याचा विषय होताच.

बळजबरी ही लोभाची आणखी एक लेक. तिचे सुरतेतले वर्ष १६९५. त्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने आधी सुरतेच्या अब्दुल गफूर या व्यापाऱ्याचे जहाज लुटले आणि मग औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' गाठले. मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते. लुटीबरोबर स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची हकिगत ऐकून शहर पेटले. खाफीखानाने लुटीचा आकडा ५२ लाख रुपये दिला आहे. चाच्यांपैकी एक, जॉन डॅन, इंग्लंडला परतला. त्याने हजाराहून अधिक पौंडांची सोन्याची नाणी आपल्या जाकिटाच्या अस्तरात शिवून घेतली होती. खानावळीतल्या मोलकरणीला जाकिटाचे वजन जास्त वाटले आणि तो पकडला गेला. जिवाची तळमळ म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा स्पष्ट वस्तू सापडणार नाही: अंगावर वागवायचे सोने, ज्याच्यामुळे माणसाला जाकीटही बिनघोर खुंटीवर टांगता येत नाही. डॅन माफीचा साक्षीदार झाला. त्याचे पाच सोबती १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. एव्हरी कधी सापडलाच नाही.

त्याच्या गुन्ह्याची झळ सुरतेच्या वखारीला लागली. अध्यक्ष सॅम्युअल ॲनस्ले आणि सगळे इंग्रज नोकर कित्येक महिने कैदेत होते. या ॲनस्लेची कथा एव्हरीपेक्षा शांत आहे आणि या विषयासाठी जास्त बोलकी आहे. त्याचे वडील लंडनचे नावाजलेले प्युरिटन धर्मोपदेशक. १६६२ मध्ये सरकारी चर्चच्या अटी मान्य नाहीत म्हणून त्यांनी जागा सोडली होती. मुलगा सुरतेला आला, १६९४ मध्ये अध्यक्ष झाला आणि दशक संपता संपता पदावरून गेला. पण तो मायदेशी परतला नाही. सुरतेतच स्वतःचा व्यापार करत राहिला. त्याची बहीण सुझॅना इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाद्र्याशी, सॅम्युअल वेस्लीशी, लग्न करून गेली होती. घर मोठे, कर्ज त्याहून मोठे. १७०५ मध्ये तर नवऱ्याला कर्जापायी तुरुंगात जावे लागले. सुरतेच्या भावाने लंडनमधली आपली काही कामे या मेहुण्यावर सोपवली, ती त्याला जमली नाहीत आणि भाऊ रागावला. नवऱ्याची बाजू मांडणारे सुझॅनाचे १७२२ मधले पत्र उपलब्ध आहे. १७२४ मध्ये भाऊ गडगंज होऊन परत येत असल्याची बातमी पसरली. ती लंडनला त्याला भेटायला गेली. जहाज आले, त्यात भाऊ नव्हता.

मामाच्या पैशाची वाट पाहणाऱ्या या घरातला एक मुलगा म्हणजे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली. पैशाच्या उपयोगावरचे त्याचे प्रवचन १७६० मध्ये छापले गेले. पैशाला शिव्या घालणारे प्रवचन ते नाही. मिळवता येईल तेवढे मिळवा, वाचवता येईल तेवढे वाचवा, देता येईल तेवढे द्या, असे त्याचे तीन भाग. पण मिळवताना स्वतःचे शरीर, स्वतःचे मन आणि शेजारी, यांपैकी कोणाचेही नुकसान करायचे नाही. दारू विकणाऱ्यांना तर तो लोकांना विष घालणारे म्हणतो. लोकांना पहिले दोन भाग आवडले आणि तिसरा विसरला गेला, ही खंत त्याने म्हातारपणी उघडपणे बोलून दाखवली. मेथडिस्ट लोक कष्टाळू, काटकसरी झाले, म्हणून श्रीमंत झाले, आणि श्रीमंतीने त्यांचे काळीज घट्ट होत चालले, हे तो पाहत होता. तीच ती शेवटची लेक.

त्याने स्वतः हिशेब पाळला. तरुणपणी वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा २८ मध्ये भागवून २ दान केले. पुढच्या वर्षी ६० आले तरी खर्च २८ च, दान ३२. मग ९० आले तेव्हा ६२, आणि १२० आले तेव्हा ९२. मिळकत चौपट झाली आणि गरजेची रेषा जागची हलली नाही. आपण मागे दहा पौंड ठेवून मेलो तर आपल्याला चोर म्हणा, असेही त्याने छापून ठेवले होते. पुस्तकांच्या विक्रीतून त्याच्या हातात बरीच रक्कम आली आणि ती जवळजवळ सगळी गेली. २ मार्च १७९१ रोजी तो वारला. मृत्युपत्रात त्याने लिहिले होते की मिरवणुकीची गाडी नको, कसला थाट नको. खिशात आणि टेबलाच्या खणात जी नाणी सापडतील ती चार जणांत वाटा, आणि शवपेटी खांद्यावर नेणाऱ्या सहा गरीब माणसांना प्रत्येकी एक पौंड द्या.